भूक मेली म्हणजे औषध लागू पडलं, असं नाही

कर्वेनगरच्या एक काकू गेल्या श्रावणात माझ्याकडे आल्या. वय ५४, वजन ८१ किलो, गुडघे दुखणारे, साखर काठावर. वजन कमी करण्याचं आठवड्याचं इंजेक्शन सुरू होऊन त्यांना सहा आठवडे झाले होते. समोर बसल्या, पिशवीतून वही काढली आणि रोज काय खाल्लं ते लिहिलेलं पान माझ्यापुढे सरकवलं. सोमवार: चहा, दोन मारी बिस्किटं, अर्धी पोळी. मंगळवार: चहा, वरणाचं पाणी. बुधवार: चहा, एक केळं. "सहा किलो गेले," म्हणाल्या. चेहऱ्यावर समाधान होतं, पण ओठ सुकलेले होते, आणि खुर्चीतून उठताना त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली. ढवळतं का, असं विचारलं तर म्हणाल्या, "ढवळणारच की! ढवळतं म्हणजे औषध लागू पडतंय."

पुण्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना हे वाक्य मी आता दर आठवड्याला ऐकते. ते ऐकलं की मला काळजी वाटते, कारण या एका समजुतीपायी माणसं नको तेवढं सोसतात, आणि जे मुळीच सोसू नये तेही त्याच खात्यात जमा करतात. या औषधाच्या मोठ्या चाचण्यांची आकडेवारी संशोधकांनी तपासली तेव्हा दिसलं, की ज्यांना मळमळ-उलट्या झाल्या आणि ज्यांना झाल्या नाहीत, त्या दोघांचंही वजन जवळजवळ सारखंच उतरलं होतं. पोटाच्या त्रासामुळे घटलेलं वजन शरीराच्या वजनाच्या एक टक्क्याहूनही कमी भरलं. वजन उतरायला ढवळावं लागत नाही.

आता हे औषध करतं काय, ते बघू. एकदा ते कळलं की बहुतेक त्रासांचा उगम आणि उपायही आपोआप कळतो.

आपण जेवलो की आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक रक्तात येतं. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला सांगतं, मेंदूला 'पुरे' असा निरोप देतं आणि जठराला 'जरा सावकाश' म्हणून सांगतं. हे नैसर्गिक संप्रेरक दोन-एक मिनिटांतच मोडून जातं. १९९२ साली जॉन एंग या अमेरिकी डॉक्टरांना गिला मॉन्स्टर या वाळवंटी सरड्याच्या विषात त्याच्यासारखंच, पण जास्त वेळ टिकणारं एक द्रव्य सापडलं. त्यावरून तयार झालेलं मधुमेहाचं औषध २००५ मध्ये अमेरिकेत आलं. ते दिवसातून दोनदा टोचावं लागे. पुढे शास्त्रज्ञांनी रेणूत असे बदल केले की औषध आठवडाभर रक्तात राहील. आज ज्यांची चर्चा आहे ती सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपटाइड ही अशी आठवड्याची औषधं. मौंजारो हे टिर्झेपटाइड भारतात मार्च २०२५ मध्ये आलं, वेगोव्ही हे सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये. मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइडच्या पेटंटची मुदत इथे संपली आणि भारतीय कंपन्यांना वाट मोकळी झाली. म्हणजे ही इंजेक्शनची पेनं आता आणखी कितीतरी घरांतल्या फ्रिजमध्ये दिसणार. म्हणूनच हे लिहावंसं वाटलं.

जे संप्रेरक दोन मिनिटं बोलून गप्प बसायचं, ते आता आठवडाभर बोलत राहतं. मेंदूच्या तळाशी एक छोटी जागा असते. रक्तात काही विषारी आलं तर उलटी करवून ते बाहेर काढण्याचं काम तिचं. औषध या जागेलाही जाऊन भिडतं, आणि म्हणून रिकाम्या पोटीसुद्धा मळमळू शकतं. दुसरीकडे जठर मंदावलेलं असतं. दुपारचं जेवण रात्रीपर्यंत पोटात बसून राहतं. पोट गच्च वाटणं, करपट ढेकरा, सडक्या अंड्यासारखा वास येणाऱ्या ढेकरा, छातीत जळजळ, हे सगळं त्या रेंगाळलेल्या अन्नाचं.

जठराचं मी सगळ्यांना एकाच प्रकारे सांगते. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रोडवर काय होतं? पुढचं मंडळ अलका चौकातून सरकल्याशिवाय मागच्याला हलता येत नाही. तुम्ही बेलबागेपाशी आणखी दहा मंडळं आणून उभी केलीत म्हणून मिरवणूक लवकर संपत नाही, कोंडी तेवढी वाढते. औषध चालू असताना पोटाची गत अशीच असते. पुढचा घास घेण्याआधी मागचा सरकलाय का, हे बघायचं.

या त्रासाचं प्रमाण किती? सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या चाचणीत १,९६१ माणसं होती, ६८ आठवडे. औषध घेणाऱ्यांपैकी साधारण ४४ टक्क्यांना कधी ना कधी मळमळ झाली, ३१ टक्क्यांच्या आसपास जुलाब, २५ टक्क्यांना उलट्या, २३ टक्क्यांना बद्धकोष्ठता. आकडे मोठे आहेत. पण पोटाच्या त्रासामुळे औषध सोडावं लागलं ते फक्त साडेचार टक्क्यांना. बाकीच्यांचा त्रास बहुतेक करून सौम्य किंवा मध्यम होता, डोस वाढवला की उसळायचा आणि काही आठवड्यांत ओसरायचा. वजन सरासरी १५ टक्के उतरलं.

डोस वाढवला की उसळायचा, हे महत्त्वाचं. सेमाग्लुटाइड वजनासाठी देतात तेव्हा आठवड्याला ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करतात आणि साधारण चार-चार आठवड्यांनी ०.५, १, १.७ आणि २.४ अशा पायऱ्या चढतात. टिर्झेपटाइड २.५ पासून सुरू होतं, पुढे ५, आणि गरज असेल तर अडीच-अडीचने १५ पर्यंत. पहिल्या पायरीवर वजन फारसं हलत नाही. ती पायरी शरीराला सवय लागावी म्हणूनच आहे. पुष्कळ जण तिथेच अधीर होतात. आमच्या काकूंचंही तेच झालं होतं. पहिल्या महिन्यात दोनच किलो उतरले म्हणून, भिशीतल्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून, त्यांनी ०.५ ची पायरी गाळून थेट १ मिलिग्रॅमचं पेन आणलं होतं. चिठ्ठीवर वेगळाच आकडा होता, तरी एका दुकानदाराने ते देऊन टाकलं. मला याचा राग आला, अजून येतो. प्रिस्क्रिप्शनवर द्यायचं औषध आहे हे. तो आकडा कागदावर शोभेसाठी लिहिलेला नसतो.

पायऱ्या ठरलेल्या असल्या तरी त्या चढायच्याच असं बंधन नाही. चार आठवड्यांनंतरही ढवळत असेल तर डॉक्टर त्याच डोसवर आणखी महिनाभर थांबू देतात किंवा एक पायरी खाली आणतात. कमी डोसवर वजन नीट उतरत असेल तर तिथेच राहायलाही हरकत नसते. यासाठी डॉक्टरांना फोन करून सांगावं लागतं, आणि आपली माणसं नेमकी इथे संकोचतात. "एवढ्याशा मळमळीसाठी कुठे त्यांना त्रास द्यायचा?" द्यायचा. डोस ठरवायला त्यांना याच माहितीची गरज असते.

दुसरी गोष्ट, हे औषध अंगातून हळूहळू उतरतं. सेमाग्लुटाइड निम्मं व्हायला सुमारे एक आठवडा लागतो, टिर्झेपटाइडला पाच दिवस. त्यामुळे इंजेक्शन थांबवलं तरी दुसऱ्या दिवशी बरं वाटेल असं नाही, पूर्ण उतरायला महिना-दीड महिना जातो. आणि टोचल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस साधारण सर्वांत जड जातात. म्हणून वार निवडताना विचार करा. शनिवारी भाचीचं लग्न असेल आणि तुमचा वार गुरुवार असेल, तर तो आधीच डॉक्टरांना विचारून सरकवता येतो.

जेवणाबद्दल मला थोडं जास्त बोलायचंय, कारण निम्मी लढाई तिथेच जिंकता येते.

ताट लहान घ्या. नेहमीच्या निम्मं वाढून घ्या आणि वीस मिनिटं द्या. पोट भरल्याची खूण कळायला थोडा वेळ लागतो आणि कळते तेव्हा एकदम कळते. छातीशी जड वाटणं, उचकी लागणं, घास तोंडात फिरायला लागणं, यातलं काही झालं की चमचा खाली. ताटात दोन घास राहिले तर राहू द्या. "अन्न टाकू नये" हे आपल्या हाडीमाशी भिनलेलं आहे, ते मला कळतं. म्हणूनच वाढतानाच कमी वाढा.

तेल-तूप जठरात सगळ्यात जास्त वेळ थांबतं. एरवीही थांबतं, आता तर मुक्कामालाच येतं. तर्री मारलेली मिसळ, भजी, वडापाव, शेव, बाकरवडी हे इंजेक्शननंतरचे तीन-चार दिवस तरी लांब ठेवा. मग एखाद्या रविवारी अर्धी मिसळ, कमी तर्री, सकाळच्या वेळी, असं जमतं. रात्रीचं जेवण शक्य तर साडेसातच्या आत आणि हलकं: मुगाची खिचडी, दहीभात, मुगाचं धिरडं, ज्वारीच्या लाह्या ताकात. जेवून लगेच आडवं होऊ नका. पाणी जेवणासोबत ग्लासभर ढोसू नका, मधल्या वेळात घोट घोट प्या. फोडणीच्या वासाने ज्यांना उमळून येतं त्यांनी काही दिवस गार किंवा कोमट अन्न खावं, त्याला वास कमी येतो. आल्याचा तुकडा मीठ लावून चघळला, लिंबू हुंगलं, तर बऱ्याच जणांना बरं वाटतं. एवढ्यानेही उलट्या थांबत नसतील तर उलटीची गोळी असते, पण ती डॉक्टरांकडून घ्या.

सकाळी उठल्या उठल्या रिकाम्या पोटी कडक चहा ही पुण्याची सवय मळमळीला आयतं निमंत्रण देते. आधी चार भिजवलेले बदाम, अर्धी भाकरी, काहीतरी कोरडं पोटात जाऊ द्या, मग अमृततुल्य आहेच.

आणि उपास. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, कुणाचा गुरुवार, नवरात्रात तर नऊ दिवस. दिवसभर काही नाही, मग रात्री साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट, वर तूप. मंदावलेल्या पोटाला यापेक्षा अवघड काम देता येणार नाही. शिवाय साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच. श्रद्धेचा प्रश्न आहे, मी कुणाला उपास सोडा म्हणत नाही. दर दोन-तीन तासांनी दही, ताक, दूध, पनीर, राजगिऱ्याची लापशी थोडी थोडी घ्या, एवढंच सांगते. साखरेच्या गोळ्या चालू असतील तर मात्र उपासाआधी डॉक्टरांशी बोलायलाच हवं.

बद्धकोष्ठतेला कुणी दुष्परिणाम मानत नाही आणि मग तीच महिनोन्‌महिने छळते. खाणं कमी, पाणी कमी, आतडी सुस्त, तिन्ही कारणं एकत्र येतात. इसबगोल घेणार असाल तर मोठा ग्लासभर पाण्यातच घ्या, कारण कमी पाण्यात तो उलट घट्ट बसतो. पपई, पेरू, पालेभाजी, जेवणानंतर दहा मिनिटं चालणं, आणि तीन दिवस पोट साफ झालं नाही तर डॉक्टरांना विचारून मल सैल करणारं औषध. जुलाब-उलट्यांचा दिवस असेल तर ओआरएसचं पाकीट, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. लघवी गडद पिवळी, थोडी थोडी होत असेल, उभं राहिल्यावर घेरी येत असेल, तर शरीरातलं पाणी कमी झालंय असं समजा. हे लांबलं तर मूत्रपिंडावर येतं. ज्यांना रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू आहे त्यांना हा धोका अधिक.

काकू टेबलाची कड धरून उठल्या त्याचं कारण हेच होतं, आणि आणखी एक. त्यांचं वजन नुसतं चरबीचं उतरत नव्हतं.

इथे पुण्यातलंच संशोधन सांगायला हवं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीयांच्या शरीररचनेवर अनेक वर्षं काम केलं आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आत चरबी जास्त आणि स्नायू कमी, अशी आपली घडण. पुण्याजवळच्या गावांतली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची, पण आपल्या बाळांमध्ये चरबी त्या मानाने राखलेली आणि स्नायू तोकडे, हेही त्यांच्या अभ्यासातून पुढे आलं.

आता हे औषधाशी जोडून बघा. सेमाग्लुटाइडच्या चाचणीत काही लोकांचं शरीर स्कॅनवर मोजलं, तर उतरलेल्या वजनातला सुमारे ४० टक्के भाग चरबी सोडून इतर ऊतींचा होता. त्यात स्नायू आले. ज्यांच्याकडे शिल्लकच थोडी आहे त्यांनी ती अशी खर्चून कसं चालेल? पुढे औषध थांबवलं तर वजन परत येण्याकडेच कल असतो: त्याच चाचणीतल्या लोकांनी औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत मिळवला. परत येते ती बहुतेक चरबी. गेलेला स्नायू आपसूक परत येत नाही, तो कमवावा लागतो.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, ताटात आधी प्रथिनं संपवा, भात-पोळी नंतर. भूक चार घासांचीच असेल तर ते चार घास कशाचे आहेत हे महत्त्वाचं ठरतं. मूत्रपिंड ठीक असेल तर काकूंसारख्या बाईला दिवसाला सत्तर-पंचाहत्तर ग्रॅम प्रथिनं हवीत. एका अंड्यात सहा ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, पाव लिटर दुधात आठ, मोठ्या वाटीभर घट्ट दह्यात सहा-सात. आपण ज्याच्या भरवशावर असतो त्या पातळ वरणाच्या वाटीत जेमतेम तीन-चार. काकू ज्याला जेवण म्हणत होत्या ते 'वरणाचं पाणी' म्हणजे हळद घातलेलं पाणीच. सोयाबीनच्या वड्या, मोडाची उसळ, मासे, चिकन, जे घरात चालतं ते. एवढ्याने भागलं नाही तर प्रथिनांची पावडर, पण ती आहारतज्ज्ञाला विचारून.

जोडीला ताकदीचा व्यायाम. तळजाईला किंवा हनुमान टेकडीवर चालायला जाता ते उत्तमच, पण चालण्याने दंड-मांड्यांचा स्नायू पुरेसा टिकत नाही. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं, भिंतीला टेकून दंड, पाण्याच्या लिटरच्या बाटल्या दोन हातांत घेऊन वर-खाली. आठवड्यातून तीनदा. जिमला जाणं झालं तर फारच छान.

केस गळण्याने बायका सर्वांत जास्त घाबरतात. वजन झपाट्याने उतरलं की दोन-तीन महिन्यांनी केस गळतात, बाळंतपणानंतर गळतात तसेच. मुळं शाबूत असतात, वजन स्थिरावलं की बहुतेक वेळा केस परत येतात. प्रथिनं आणि लोह कमी पडत असेल तर गळती लांबते, तेव्हा हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्या.

आधीपासून चालू असलेल्या गोळ्यांकडे लक्ष हवं. नुसत्या या इंजेक्शनने साखर सहसा फार खाली जात नाही. पण ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन सोबत असेल, आणि खाणं निम्म्यावर आलेलं असेल, तर जाऊ शकते. घाम, थरथर, जीव घाबरा होणं, डोळ्यांसमोर अंधारी. मीटरवर ७० च्या खाली दिसलं तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. बिस्किटं नकोत, मंद पोटात ती वेळेवर विरघळत नाहीत. या गोळ्यांचा डोस इंजेक्शन सुरू करतानाच कमी करावा लागू शकतो. रक्तदाबाच्या गोळ्यांचं तसंच: दहा किलो उतरल्यावर जुना डोस जास्त होऊ शकतो. जुना मधुमेह असेल तर सुरुवातीलाच डोळ्यांचा पडदा तपासून घ्या, साखर झपाट्याने खाली आली की पडद्याचा आजार काही काळ बळावू शकतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कोणतं दुखणं सोसायचं नाही?

वरच्या पोटात, बेंबीच्या वर, सलग आणि जोरात दुखायला लागलं, ते पाठीत आरपार जातंय, पुढे वाकून बसल्यावर जरा हलकं वाटतंय, उलट्या होतायत किंवा नाहीतही: ही स्वादुपिंडाची सूज असू शकते. ती क्वचित होते. वर सांगितलेल्या चाचणीत औषध घेणाऱ्या १,३०० हून अधिक लोकांत तिघांना झाली. पण आपल्याकडे वरच्या पोटात दुखलं की त्याचं नाव 'ॲसिडिटी' आणि उपाय घरातली गोळी. रात्रभर कळ काढायची, सकाळी बघू म्हणायचं. या औषधावर असताना तसं करू नका. रुग्णालयात जा, लायपेज नावाची रक्ततपासणी होते, आणि निदान होईपर्यंत पुढचं इंजेक्शन घ्यायचं नाही.

उजव्या बरगडीखाली कळ, उजव्या खांद्याकडे जाणारी, बहुधा जेवणानंतर तास-दोन तासांनी, सोबत थंडीताप किंवा डोळे पिवळे: पित्ताशयातले खडे. वजन कोणत्याही मार्गाने भराभर उतरलं की खडे होण्याची शक्यता वाढते, औषधाने ती आणखी थोडी वाढते. पोट फुगून टम्म झालं, वारा सरत नाही, शौचाला होत नाही आणि उलट्या चालू आहेत: आतडं थांबलं असेल. चोवीस तास पाण्याचा घोटही टिकत नाही: तेही रुग्णालयाचं काम. एका डोळ्याने अचानक दिसेनासं झालं, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. डोळ्याच्या नसेचा हा त्रास अतिशय दुर्मीळ आहे, दहा हजारांत एखाद्याला, असं युरोपच्या औषध नियामकांनी २०२५ मध्ये सेमाग्लुटाइडबद्दल म्हटलं आहे. चेहरा-ओठ सुजणं, श्वास लागणं हे तर सांगायलाच नको.

काही जणांनी हे औषध घ्यायचंच नाही. घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झाला असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. नेहमीच्या कमी-जास्त थायरॉइडचा याच्याशी संबंध नाही, थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी उगाच घाबरू नये. मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवावं लागतं. टिर्झेपटाइडने गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो, त्यामुळे सुरू केल्यावर आणि प्रत्येक डोसवाढीनंतर चार आठवडे दुसरी काळजी घ्यावी. कोणतंही ऑपरेशन, एंडोस्कोपी किंवा भूल असेल तर भूलतज्ज्ञांना नक्की सांगा. रात्रीपासून उपाशी असलात तरी मंद जठरात अन्न असू शकतं आणि भुलीत ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

पेन फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत. बर्फाच्या कप्प्यात किंवा त्याला चिकटून नको, गोठलेलं औषध फेकून द्यायचं. बाहेर ३० अंशांच्या आत काही आठवडे टिकतं, नेमके किती ते तुमच्या पेनच्या माहितीपत्रकात बघा. पण एप्रिलमधल्या पुण्यात घरातलं तापमानही तीसच्या वर असतं, आणि उन्हात उभ्या गाडीचा तर विचारच नको. पोट, मांडी, दंड या जागा आलटून पालटून. दर वेळी नवी सुई. वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवा, झाकण घट्ट लावा आणि दवाखान्यात परत द्या. ओल्या-सुक्या कचऱ्यात सुटी टाकलेली सुई सकाळी दारात येणाऱ्या 'स्वच्छ'च्या ताईंच्या बोटात जाते. वार चुकला तर पुढचा डोस दोन दिवसांहून लांब असेल तरच चुकलेलं वेगोव्ही घ्यायचं, मौंजारो मात्र चुकलेल्या वारापासून चार दिवसांच्या आत. दोन-तीन आठवडे चुकले तर जुन्याच डोसवर परस्पर उडी मारू नका, पुन्हा खालून चढावं लागू शकतं.

घरच्यांसाठीही थोडं. या माणसांना कधी कधी जेवणाची मजाच वाटेनाशी होते. अन्नावरची वासना उडते. गौरीच्या जेवणाला बसलेली बाई पुरणपोळीचा एक घास घेऊन थांबते तेव्हा तिलाही वाईट वाटत असतं. तिला आग्रह करू नका. "एकाने काय होतंय?" हे आपलं प्रेमाचं वाक्य आहे, पण तिला रात्री दोन वाजता त्या एकाने काय होतं ते माहीत असतं. आणि महिनोन्‌महिने कशातच रस उरला नाही, मन उदास राहिलं, तर ते वजनाच्या आनंदाखाली दडपू नका, डॉक्टरांना सांगा.

काकूंचा डोस डॉक्टरांनी ०.५ वर आणला. पंधरा दिवसांत ढवळणं थांबलं. वजन आता महिन्याला दीड-दोन किलोनेच उतरतं, आणि खुर्चीवरून त्या हात न टेकता उठतात. त्यांच्या मुलाने फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवलाय: औषधाचं नाव, डोस, वार, चालू गोळ्या, डॉक्टरांचा नंबर, रात्री लागला तर जवळच्या रुग्णालयाचा. खाली काकूंनी निळ्या पेनने स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली आहे. 'पोट जोरात दुखलं तर मला झोप म्हणू नका, गाडी काढा.'